मागच्या ओट्यावरची खूण

आमच्या मागच्या खोलीचं दार माझ्या वडिलांनी सात वेळा तासलं. मी नववीत असताना आम्ही त्या घरात राहायला आलो. तेव्हापासून दर पावसाळा संपला की बाबा ओळखीच्या सुताराकडून रंधा मागून आणत, दार बिजागऱ्यांवरून उतरवून अंगणात आडवं ठेवत आणि जी कड चौकटीला घासत असेल ती तासत. लाकडाच्या लांब झिलप्या निघत. आई त्या बंबासाठी गोणीत भरून ठेवायची. दार अडतंय असं सांगितलं की म्हणायची, त्याला नव्या जावयासारखी रुसायची सवय आहे, वर्षातून एकदा मानपान करावा लागतो.

सगळे म्हणायचे, लाकूड पावसात फुगतं. मीही तसंच समजत होते. फुगलेलं लाकूड उन्हाळ्यात परत आकसायला हवं, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण ज्या वर्षाबद्दल मी सांगते आहे, त्या दोन हजार सहा-सातच्या वर्षी मी सिव्हिल इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते.

घर भिवंडीच्या कडेला होतं, टेमघर ओलांडून आत. पुढे एक जुना रस्ता, रस्त्याखाली दगडी मोरी, आणि घराच्या मागे भराव. भराव म्हणजे पूर्वीची कचरा टाकायची जागा. आधी ती खोलगट शेतं होती. मग बरीच वर्षं शहराचा कचरा तिथे पडत राहिला आणि खड्ड्याची टेकडी झाली. मी अकरावीत असताना तिथे गाड्या येणं बंद झालं. टेकडीवर चिकणमातीचा थर दाबून बसवला, त्यावर मुरूम, त्यावर माती, आणि मातीवर गवत उगवलं. आमच्याकडे त्या थराला सगळे झाकण म्हणायचे. कॉलेजात त्याला फायनल कव्हर म्हणतात हे मला चौथ्या वर्षी कळलं.

बाबा त्या कचऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. कंत्राटदाराची गाडी होती. टाकणं बंद झाल्यावर ते एका सायझिंगवाल्याच्या टेम्पोवर लागले. सायझिंग म्हणजे जिथे विणण्याआधी सुताला खळ देतात तो कारखाना. तिथून सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, लूमच्या शेडमध्ये पोचवायचे, हे त्यांचं काम. दादा, माझा मोठा भाऊ, वळ गावातल्या एका गोडाऊनमध्ये माल मोजून घ्यायच्या ड्युटीवर होता. घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच.

प्रोजेक्टला विषय निवडायचा होता तेव्हा वर्गातल्या मुलांनी पूल घेतले, धरणं घेतली. मला धरण बघायला जायला कोण नेणार होतं? मी सरांना चाचरत सांगितलं की आमच्या घरामागे एक बंद झालेला कचऱ्याचा भराव आहे आणि त्याच्या माथ्यावर पाणी साचतं. सर म्हणाले, हाच विषय घे. बंद केलेला कचरा खाली कसा बसतो आणि त्याच्या झाकणाचं काय होतं, ते मोज.

त्यांनी मला जे समजावलं ते मी घरी येऊन बाबांना सांगितलं. कचरा टाकल्यावर तो आधी स्वतःच्या वजनाने दबतो. ते लवकर होतं. मग आतलं कुजू लागतं, त्याचा वायू होतो, पोकळी राहते आणि ती मिटत जाते. त्याला वर्षानुवर्षं लागतात. सुरुवातीला जास्त बसतो, मग कमी कमी. सगळीकडे सारखा बसला असता तर झाकण एकसंध खाली आलं असतं. पण तो सारखा बसत नाही. एक जागा बसते, शेजारची राहते, आणि मधे चिकणमाती फाटते. खोलगट झालेल्या जागी पाणी साचतं, फटीतून आत जातं, आतलं अजून कुजतं आणि जागा अजून खाली जाते.

बाबा जेवता जेवता ऐकत होते. म्हणाले, “म्हशींची जागा ना? तिथं चिंध्या हायेत.”

टेकडीच्या माथ्यावर एक डबकं होतं. पावसानंतर जवळच्या तबेल्यातल्या म्हशी तिथे येऊन बसायच्या. बाबांनी ताट बाजूला सारलं आणि माझ्या वहीवर बोट ठेवून सांगायला लागले. इथे शेडमधल्या चिंध्या आणि सुताचा कचरा. इथे सायझिंगच्या बॉयलरची राख, ती दगडासारखी बसली आहे, हलायची नाही. इथे मंडईचा पाला. इकडच्या कोपऱ्यात पाडलेल्या घरांचा राडारोडा. मी पेन्सिलीने लिहीत गेले. कुठल्या वर्षी गाडी कुठून आत शिरायची, कुठे उलटायची, सगळं त्यांना पाठ होतं. त्या वहीतून मी मोठ्या कागदावर नकाशा काढला.

सरांनी नकाशा टेबलावर पसरला. हे कुठून मिळालं, त्यांनी विचारलं.

“एक जुने ड्रायव्हर आहेत तिथले, त्यांनी सांगितलं,” मी म्हणाले.

माझे वडील आहेत, एवढं म्हणायला हवं होतं. वर्गातल्या दोन मुली शेजारीच उभ्या होत्या.

मोजणीसाठी कॉलेजची डंपी लेव्हल मिळायची. तिपाईवर बसवायची दुर्बीण आणि आकडे रंगवलेली उंच पट्टी, तिला स्टाफ म्हणतात. एकाने पट्टी उभी धरायची, दुसऱ्याने दुर्बिणीतून आकडा वाचायचा. महिन्यातून एका गुरुवारी मी पेटी मांडीवर घेऊन शेअर रिक्षाने घरी आणायचे आणि शुक्रवारी दुपारच्या प्रॅक्टिकलला परत न्यायचे. शुक्रवारी लूम बंद, म्हणून बाबांना सुट्टी. पट्टी बाबा धरायचे.

अशा मोजणीला एक पक्की, न हलणारी जागा लागते. तिला बेंचमार्क म्हणतात. बाकी सगळ्या जागा तिच्यापासून किती वर किती खाली, ते बघायचं. मी आमच्या मागच्या ओट्याचा कोपरा निवडला. आई तिथे कपडे धुवायची. टेकडीवरून तो सरळ दिसायचा आणि मधे झाड नव्हतं. मी बाबांना विचारलं होतं, ओटा पक्का आहे ना? बाबा म्हणाले होते, घर शेताच्या जुन्या बांधावर आहे, बांध हलत नाही. मी लाल ऑइलपेंटने कोपऱ्यावर फुली काढली. तिची उंची शंभर मीटर धरली.

त्याच महिन्यात दादाचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांची एकच अट होती, आणि ती रास्त होती: जोडप्याला स्वतंत्र खोली हवी. आमच्या घराला दोन खोल्या, पुढची आणि मागची. मागच्या खोलीत मी अभ्यास करायचे आणि आईची भांडी, गोण्या, दादाच्या पेट्या असत. पण घर बांधतानाच बाबांनी खांबांच्या सळया छताच्या वर दीड-दोन हात सोडून ठेवल्या होत्या. आमच्या भागात सगळेच ठेवतात. घर पुढे वाढेल अशी ती आशा असते. गंजू नयेत म्हणून बाबा दरवर्षी त्यांना सिमेंटचं पाणी लावत. आता त्या सळयांवर माळा चढवायचा आणि मे महिन्यात लग्न करायचं, असं ठरलं.

पाहुण्यांसमोर बाबा म्हणाले, “आमची बाय इंजिनियर हाय. ती सांगंल तसं बांधायचं.”

मुलीच्या वडिलांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी चहाचे कप उचलून आत गेले. मला आनंद झाला होता हे खरं आहे. मी कॉलेजच्या ड्रॉइंग बोर्डावर माळ्याचा प्लॅन काढला, जिना पुढून घेतला, खिडकी खाडीच्या वाऱ्याकडे ठेवली. आईने तो कागद पुढच्या खोलीत कॅलेंडरशेजारी चिकटवला. येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवला जायचा.

डिसेंबरात परीक्षा होती. एका पेपरच्या सकाळी मी मागच्या खोलीत दार लोटून वाचत बसले होते. निघायची वेळ झाली आणि दार उघडेना. मी आतून ओढलं, आईने बाहेरून ढकललं. वरचा कोपरा चौकटीत असा रुतला होता की हलेचना. बाबा आणि दादा कामावर गेले होते. त्या खोलीला एकच खिडकी आणि तिला गज. मी गजांना धरून उभी राहिले. समोर टेकडी, गवत, डबक्याच्या कडेला दोन म्हशी. आई बाहेरून सांगत होती, घाबरू नकोस, शेजारून कुणाला तरी आणते. पेपर चुकेल ही भीती होतीच, पण त्याहून वेगळंही काही वाटत होतं, ते मला तेव्हा नीट कळलं नाही. भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. शेवटी शेजारचे काका पहार घेऊन आले आणि त्यांनी दार खालून उचलून धरलं, तेव्हा मी तिरकी होऊन बाहेर पडले. पेपर मिळाला. त्या शुक्रवारी बाबांनी आठव्यांदा रंधा आणला नाही, फक्त म्हणाले, दार लावत जाऊ नकोस.

पाऊस जाऊन दोन महिने झाले होते. तरीही मी विचार केला नाही.

फेब्रुवारीत पाच महिन्यांचे आकडे घेऊन मी सरांकडे गेले. चिंध्यांची जागा खाली जात होती, पाल्याची जागा खाली जात होती, ते ठीक. पण राखेच्या सगळ्या जागा दर महिन्याला थोड्या थोड्या वर येत होत्या.

सर हसले. “राख वाढतेय का गं?”

मी मोजण्यात चुकत असेन, असं दोघांनाही वाटलं. सरांनी विचारलं, ओट्यावर पट्टी कलत तर नाही? बेंचमार्कवर पट्टी कलली तर आकडा जास्त येतो आणि बाकी सगळं वर गेल्यासारखं दिसतं. मी घरी आले आणि पुढच्या शुक्रवारी बाबांवर चिडले. लेव्हल सरांनी मधेच एकदा जास्तीची दिली होती. मी दुर्बिणीमागून ओरडले की बाबा, सरळ धरा ना, तुमच्यामुळे माझे पाच महिने वाया जातील. आई धुणं पिळत होती. ती म्हणाली, “ते सरळच उभे हायेत. तुझंच डोकं हललंय.”

त्यानंतर बाबांनी पट्टीच्या मागे ओळंबा बांधला. गवंड्याकडून आणला होता. ओळंबा स्थिर होईपर्यंत ते श्वास धरून उभे राहायचे, मग हात वर करून मला खूण करायचे. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. बाबांचे पाय वर आणि डोकं खाली, हातात पट्टी. आकडे तेच आले. राख वर येतच होती.

सरांनी या वेळी हसणं सोडलं. त्यांनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, बेंचमार्क कुठे घेतला आहेस?

“एका घराच्या ओट्यावर.”

“घर कशावर आहे?”

“बांधावर.”

“कोण म्हणालं?”

सर म्हणाले, राख वर येत नसते. तुझा ओटा खाली जात असेल. रस्त्यावरच्या एखाद्या जुन्या दगडी बांधकामापासून लेव्हल घेऊन ये आणि बघ.

परत येताना रिक्षात पेटी मांडीवर होती. इतकी वर्षं ज्या गोष्टी डोळ्यांसमोर होत्या त्या एकेक करून आठवू लागल्या. दाराचा वरचा कोपरा, दरवर्षी तोच. मागच्या खोलीची जमीन, जी बाबांनी दोनदा उचलून घेतली होती. मुरूम टाकला, वर शहाबादी फरशी, आणि दोन वर्षांनी परत पुढच्या खोलीपेक्षा खाली. टेकडीवरच्या डबक्यातही कंत्राटदाराने एकदा गाड्याच्या गाड्या मुरूम ओतून ते बुजवलं होतं. पुढच्या पावसाळ्यात डबकं परत आलं, आधीपेक्षा रुंद. भर घातली की वजन वाढतं आणि वजनाने खालचं अजून बसतं, हे मी माझ्या रिपोर्टात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. मी ते टेकडीबद्दल लिहिलं होतं.

घरी आल्यावर मी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, ओट्यावरचं पाणी कुठे जातं?

“आधी गटाराकडे जायचं,” आई म्हणाली. “आता भिंतीकडे येतं. म्हणून तर धुण्याचा दगड हलवला मी. दोन वर्षं झाली.”

तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी तिपाई रस्त्याच्या कडेला लावली. बाबांना म्हणाले, आज मोरीपासून सुरुवात करू. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. कारण विचारलं नाही. मोरीच्या दगडावर पट्टी धरली, ओळंबा थांबवला, हात वर केला. मग आम्ही घराला वळसा घालून मागे आलो.

एका मोजणीने ओटा किती खाली गेला ते कळत नाही. ऑक्टोबरात मी मोरीवर सहज एक आकडा घेऊन ठेवला होता, वहीच्या शेवटच्या पानावर, कारण सरावासाठी काहीतरी मोजायचं होतं. तोच आता उपयोगी पडला. मी वजाबाकी केली. अठरा मिलिमीटर. सहा महिन्यांत. परत केली. अठराच.

बाबा ओट्याच्या लाल फुलीवर पट्टी धरून उभे होते. ओळंबा केव्हाच थांबला होता. मी मान वर केली नाही म्हणून त्यांनी हाक मारली.

“किती आला, बाय?”

मला खोटं बोलता आलं असतं. माळ्याचं सामान सोमवारी येणार होतं. दादाने पत्रिका छापायला दिल्या होत्या. मी नुसतं ठीक आहे म्हणाले असते तर कुणी विचारलं नसतं, कारण घरात इंजिनियर मीच होते. आणि तसं म्हटलं असतं तर दादा आणि त्याची बायको मागच्या खोलीवर झोपले असते.

“ओटा खचतोय, बाबा,” मी म्हणाले. “मागची खोली पण. माळा नाही चढवता येणार.”

त्यांनी पट्टी हळूच भिंतीला टेकवली. ओळंब्याची दोरी सोडवून बोटाला गुंडाळत राहिले. मग कपड्यांच्या दगडावर बसले.

“बारा गाड्या,” ते म्हणाले. “मीच टाकल्या हायेत.”

मग त्यांनी सांगितलं. जागा घेतली तेव्हा पुढचा दहा-बारा फुटांचा पट्टा बांधावर होता, हे खरं होतं. मागचा खड्डा होता. एका खोलीचं घर बांधायचं की दोन, असा प्रश्न होता. मुलगी मोठी होत होती, तिला अभ्यासाला जागा हवी होती. बाबा रोज गाडी घेऊन तिथूनच जायचे. ड्युटी संपताना शेवटची खेप कधी कधी ते टेकडीवर न नेता इथे उलटायचे. मिळेल ते. चिंध्या, पाला, थोडी राख. वरून मुरूम टाकून रोलरवाल्याकडून दोनदा फिरवून घेतलं. टेकडीवरच्या प्रत्येक जागेखाली काय आहे हे त्यांनी मला दाखवलं होतं, पण नकाशात आमचं घर आलं तिथे त्यांचं बोट थांबलं नव्हतं.

“मला वाटलं, बसंल एकदा आणि ऱ्हाईल,” ते म्हणाले. “दार अडायला लागलं तवा कळलं मला. पण थांबंल, थांबंल असं वाटायचं.”

मी विचारलं, मग ओटा पक्का आहे असं का सांगितलंत?

“तू पहिल्यांदाच मला काम सांगत होतीस,” ते म्हणाले. “न्हाय म्हणायचं जिवावर आलं.”

बाबांनी मला सांगितलं होतं की दादाला ते स्वतः सांगतील. पुढचे आठ दिवस मी वाट बघत होते. सोमवारी वाळू आली आणि अंगणात पडून राहिली. प्लॅनचा कागद कॅलेंडरशेजारी तसाच होता आणि मला त्या खोलीतून जाताना मान खाली घालावी लागायची. घर विकून टाकावं, असंही मनात आलं. पण कुणाला, आणि काय सांगून? न सांगता विकणं म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी त्या खोलीत कोंडणं. अभ्यासाला मी आता पुढच्या खोलीत बसत होते. मागच्या खोलीत गेलं की पायाखालची फरशी खचताना ऐकू येते आहे असा भास व्हायचा.

रविवारी कामावरून आल्यावर बाबांनी दादाला अंगणात नेलं. मी आणि आई आत होतो. बाबांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, दादाचं येत होतं. तो आधी माझ्यावरच घसरला. कॉलेजात शिकून आली आणि उभ्या घराला भेगा दाखवायला लागली, लोक वीस वर्षं राहतात भरावावर, कुणाचं काय झालं? बाबांनी त्याला काहीतरी सांगितलं.

दादा आत आला तेव्हा त्याने माळ्याचा कागद भिंतीवरून काढला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला.

“म्हणजे सात वर्षं आपण बारा गाड्यांवर झोपतोय,” तो म्हणाला. “इंजिनियरला वास पण नाही आला.”

लग्न मे महिन्यातच झालं. मुलीकडच्यांना दादाने सांगितलं की त्याला गोडाऊनच्या जवळच राहायचं आहे, ड्युटीला बरं पडतं. वळ गावातच त्याने भाड्याची खोली घेतली. खरं कारण त्यांना कधी कळलं की नाही, मला माहीत नाही. दादा माझ्याशी दिवाळीपर्यंत जेवढ्यास तेवढंच बोलला. आई एकदा म्हणाली, मी थोडं थांबून सांगायला हवं होतं, लग्नानंतर. तिच्या हातात दादाची रिकामी पेटी होती. मी ती घेतली आणि जागेवर ठेवली.

रिपोर्ट लिहिताना बाबा एकदा माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, यात घराचं लिहिणार का? शेजारपाजारचे, आणि नव्या सुनेच्या घरचे, असं काहीतरी पुटपुटले.

मला लिहायला हवं होतं. माझ्या सगळ्या मोजणीतला तोच सगळ्यात खरा आकडा होता. शेवटी एकच ओळ लिहिली: पहिला बेंचमार्क अस्थिर आढळल्याने तो बदलून दगडी मोरीवर घेतला आणि सर्व आकडे त्यानुसार दुरुस्त केले. कुणाचा, कुठला, काही नाही. दुरुस्त केल्यावर राख जिथल्या तिथे आली. पण आभाराच्या पानावर, सरांच्या आधी, मी लिहिलं की भरावाखाली काय आहे ते माझ्या वडिलांनी सांगितलं, ते तिथे गाडी चालवत होते, आणि पट्टीही त्यांनीच धरली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी ते पान वाचलं आणि विचारलं, वडील अजून चालवतात का गाडी? मी म्हणाले, हो, आता टेम्पो. वर्गातल्या त्या दोन मुली याही वेळी शेजारीच होत्या.

छतावरच्या सळया बाबांनी करवतीने कापल्या. चारच ठेवल्या, कोपऱ्यांतल्या, कारण आईने त्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. मागच्या खोलीच्या फरशीवर आम्ही परत मुरूम टाकला नाही. उलट जड सामान, गोण्या, दादाच्या पेट्या, सगळं पुढे आणलं. पुढची खोली इतकी भरली की चालायला जागा राहिली नाही. त्या एका खोलीत आम्ही तिघं राहू लागलो. मला नोकरी लागली तीही ठाण्यात, त्यामुळे मी तिथेच राहिले. दुसरीकडे जाऊ असं मी दरवर्षी म्हणायचे. बाबा म्हणायचे, बघू.

कंपनीची लेव्हल मला सुट्टीच्या दिवशी कधीतरी घरी आणता यायची. पावसाळ्यानंतर एका शुक्रवारी आम्ही मोरीपासून ओट्यापर्यंत मोजायचो. पट्टी बाबा धरायचे, ओळंबा लावून. लाल फुली फिकट झाली की ते परत रंगवायचे. आकडा मी मागच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायचे, एकाखाली एक. पहिल्या वर्षी आकडा मोठा होता, दुसऱ्या वर्षी त्याहून लहान, तिसऱ्या वर्षी आणखी.

त्या तिसऱ्या वर्षी बाबांनी पट्टी टेकवून ठेवली आणि दाराजवळ आले. चष्मा वर करून माझे आकडे वाचले. आकडे त्यांना वाचता यायचे.

“थांबला?” त्यांनी विचारलं.

“कमी झालाय.”

त्यांनी दार हळूच लोटलं. ते चौकटीला टेकलं, थोडं घासलं आणि गेल्या वर्षीइतकीच एका बोटाची फट ठेवून अडलं. बाबांनी परत ओढून घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, आता रंधा नको आणायला. मग ते पट्टीचे कप्पे एकात एक सरकवू लागले आणि मी तिपाई मिटायला गेले.